अठरा गुणांचा प्रश्न: डेन्व्हर ब्रॉन्कोसचा २०२२चा हंगाम

पार्श्वभूमी

डेन्व्हर ब्रॉन्कोस या अमेरिकन फुटबॉल संघाने फेब्रुवारी २०१६ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला आणि महिन्याभरात त्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग निवृत्त झाला. पुढच्या सहा हंगामांत किमान दहा जण त्या जागेवर खेळून गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये तर करोनाच्या विलगीकरणामुळे संघाचे सगळे क्वार्टरबॅक एकदमच बाहेर बसले आणि न्यू ऑर्लिन्सविरुद्ध एका राखीव वाइड रिसीव्हरवर (पास झेलणाऱ्या खेळाडूवर) ती जागा सांभाळायची वेळ आली. तो सामना डेन्व्हरने ३१-३ असा गमावला. अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक खेळी क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. ती जागा कच्ची असेल तर बाकीचे खेळाडू कितीही चांगले असले तरी त्यांच्या मेहनतीचे गुण होत नाहीत.

आणि डेन्व्हरचे बाकीचे खेळाडू खरोखर चांगले होते. २०२१ मध्ये सर्वांत कमी गुण देणाऱ्या संघांत ते तिसरे होते, तरीही हंगाम ७-१० (सात विजय, दहा पराभव) असा संपला. जानेवारी २०२२ मध्ये मुख्य प्रशिक्षक विक फँजिओ यांना निरोप देण्यात आला. जनरल मॅनेजर जॉर्ज पेटन यांनी त्यांच्या जागी नॅथॅनिएल हॅकेट यांना आणले. हॅकेट ग्रीन बे पॅकर्सचे आक्रमण प्रशिक्षक होते आणि त्यांच्या काळात आरन रॉजर्स २०२० व २०२१ असा सलग दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. मुख्य प्रशिक्षक म्हणून मात्र हॅकेट यांचे हे पहिलेच काम. त्यांच्या हाताखाली आक्रमण, बचाव आणि विशेष पथक (किकच्या खेळ्यांचे पथक) या तिन्ही विभागांचे जे समन्वयक नेमले गेले, त्यांच्यासाठीही ती जबाबदारी नवीनच होती.

याच काळात संघाची मालकी बदलत होती. जुने मालक पॅट बोलेन २०१९ मध्ये गेले. संघ त्यांच्या कौटुंबिक विश्वस्त मंडळाकडे होता आणि विक्रीला निघाला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये वॉल्टन-पेनर गटाने तो ४६५ कोटी डॉलरना घेतला. ही तारीख लक्षात ठेवावी लागेल, कारण सर्वांत मोठे निर्णय तिच्या थोडेसे अलीकडे आणि थोडेसे पलीकडे झाले.

नेमका प्रश्न

हंगाम ५-१२ असा गेला एवढ्यावरून फारसे काही कळत नाही. निकालपत्रक समोर घेऊन बसले की दुखणे दिसते. पहिल्या बारा सामन्यांत डेन्व्हरच्या बचावाने दर सामन्याला सरासरी १७ गुण दिले. लीगमध्ये त्या वर्षी एक संघ एका सामन्यात सरासरी २२च्या आसपास गुण करत होता, म्हणजे बचाव उत्तम होता. आक्रमणाने मात्र याच बारा सामन्यांत सरासरी १३.८ गुण केले आणि संघाने त्यांतले नऊ सामने गमावले.

आता एक हिशेब करून पाहू. या बाराही सामन्यांत डेन्व्हरने नियमित वेळेत फक्त १८ गुण केले असते, तर? सिअ‍ॅटलने १७ केले होते. इंडियानापोलिस नियमित वेळेत ९वर अडकले होते, चार्जर्स १६वर, जेट्स १६, टेनेसी १७, रेडर्सशी दुसऱ्या सामन्यात नियमित वेळेअखेर १६-१६ बरोबरी, बाल्टिमोर १०. हे सगळे सामने खिशात आले असते. रेडर्सविरुद्धचा पहिला आणि कॅरोलायनाचा, एवढे दोनच गेले असते. ३-९ ऐवजी १०-२. आणि अठरा गुण म्हणजे काही पराक्रम नव्हे. लीगच्या सरासरीपेक्षा ते बरेच कमी आहेत.

म्हणून या प्रकरणाचा प्रश्न असा: उत्तम बचाव हाताशी असलेल्या आणि क्वार्टरबॅकसाठी जवळचे सगळे पणाला लावलेल्या संघाला सामन्यामागे अठरा गुण का करता आले नाहीत? आणि ते जमत नाही हे उघड झाले, तेव्हा त्यांना दिशा का बदलता आली नाही?

मार्च २०२२: समोरचे पर्याय

पहिला पर्याय ड्राफ्टचा, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीचा. त्या वर्षी डेन्व्हरकडे नववी निवड होती. पण क्वार्टरबॅकांच्या बाबतीत ते वर्ष दुष्काळाचे होते. अख्ख्या पहिल्या फेरीत एकच क्वार्टरबॅक निवडला गेला, तोही विसाव्या क्रमांकावर. दुसरा पर्याय हाताशी असलेल्या ड्रू लॉकला आणखी एक वर्ष देण्याचा. तिसरा पर्याय आरन रॉजर्सचा. हॅकेट यांच्या नेमणुकीमागे तीच आशा असल्याची चर्चा तेव्हा सगळीकडे होती. ८ मार्चला रॉजर्सने आपण ग्रीन बेमध्येच राहणार असल्याचे सांगितले आणि ती वाट बंद झाली.

त्याच दिवशी चौथा पर्याय प्रत्यक्षात आला. सिअ‍ॅटल सीहॉक्सचा रसेल विल्सन. वय ३३, प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी नऊ वेळा निवड, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये ज्या सुपर बोलमध्ये डेन्व्हरचा ४३-८ असा धुव्वा उडाला, तो जिंकणारा क्वार्टरबॅक. २०२१ मध्ये बोटाच्या दुखापतीमुळे त्याचे तीन सामने हुकले होते आणि सिअ‍ॅटलचाही हंगाम ७-१० असाच गेला होता. किंमत अशी ठरली: २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांच्या पहिल्या व दुसऱ्या फेरीच्या निवडी, एक पाचव्या फेरीची निवड आणि तीन खेळाडू. बदल्यात विल्सन आणि चौथ्या फेरीची एक निवड.

या सौद्यावर नंतर पुष्कळ टीका झाली. मला ती एकतर्फी वाटते. सहा वर्षे एकाच जागेसाठी चाचपडणाऱ्या, बचाव तयार असलेल्या संघाने सिद्ध झालेल्या खेळाडूसाठी जबर किंमत मोजणे ही जोखीम होती, पण समजण्यासारखी होती. त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवर मीही कदाचित तेच केले असते. मात्र या सौद्यातली एक गोष्ट तेव्हाच जोखून घ्यायला हवी होती. २०२३ची निवड सिअ‍ॅटलकडे गेल्यामुळे डेन्व्हर जितके वाईट खेळेल तितकी ती निवड वरच्या क्रमांकाची होणार होती. हंगाम बिघडला तर त्याची भरपाई करण्याचे लीगमधले नेहमीचे साधनच हातात राहणार नव्हते.

१ सप्टेंबर २०२२: मुदतवाढ

माझ्या मते हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

विल्सनच्या जुन्या कराराची दोन वर्षे शिल्लक होती, २०२२ आणि २०२३. डेन्व्हरच्या जर्सीत तो एकही सामना खेळला नव्हता. सरावाच्या सामन्यांतही त्याला उतरवले नव्हते. तरीही पहिल्या सामन्याच्या अकरा दिवस आधी त्याला आणखी पाच वर्षांची, सुमारे २४.५ कोटी डॉलरची मुदतवाढ दिली गेली. त्यातल्या सुमारे १६.५ कोटींची हमी होती. नवे मालक येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

घाईच्या बाजूने मुद्दे होते, ते नोंदवले पाहिजेत. क्वार्टरबॅकचे भाव दर महिन्याला चढत होते. मार्चमध्ये क्लीव्हलँडने डेशॉन वॉटसनला २३ कोटींचा पूर्ण हमीचा करार दिला होता, जुलैमध्ये ॲरिझोनाने कायलर मरेला तेवढ्याच घरातला. उशीर केला तर महाग पडेल ही भीती खरी होती. दुसरा मुद्दा भावनेचा होता: एवढ्या निवडी देऊन आणलेल्या माणसाला करार न देता ठेवले तर त्याच्यावर विश्वास नाही असे दिसेल.

पण थांबण्याची किंमत काय होती, हे मांडून पाहू. दोन वर्षे करार हातात. त्यानंतर फ्रँचायझी टॅगची तरतूद, जिच्या आधारे संघ आपल्या खेळाडूला आणखी एक हंगाम रोखून धरू शकतो. म्हणजे २०२४ संपेपर्यंत विल्सन कुठे जाणार नव्हता. तो उत्तम खेळला असता तर पुढच्या वर्षी त्याला काही कोटी जास्त द्यावे लागले असते, एवढेच. तो वाईट खेळला तर मात्र हातात लिहिलेली हमी नसणे ही केवढी मोठी गोष्ट ठरली असती! एका बाजूला काही कोटींची वाढ आणि दुसऱ्या बाजूला सुटकेचा एकमेव दरवाजा. हा हिशेब १ सप्टेंबरलाही मांडता आला असता. त्यासाठी हंगामाचे निकाल माहीत असण्याची गरज नव्हती.

सौदा केला जुन्या व्यवस्थेने आणि करारावर सही झाली नव्या व्यवस्थेत, हेही मला कारणाचा भाग वाटते. नव्या मालकांपुढे विल्सन हा विषय ‘ठरलेला’ म्हणूनच आला असणार. ठरलेल्या विषयावर पुन्हा पहिल्यापासून प्रश्न विचारायला नवा माणूस कचरतो.

१२ सप्टेंबर: सिअ‍ॅटलमधले शेवटचे मिनिट

पहिलाच सामना विल्सनच्या जुन्या मैदानावर होता. तिसऱ्या सत्रात डेन्व्हरने गोलरेषेच्या तोंडाशी दोनदा चेंडू गमावला. नियमभंगाच्या १२ शिक्षा झाल्या, त्यांत १०६ यार्ड गेले. तरीही शेवटी १७-१६ अशा पिछाडीवर चेंडू डेन्व्हरकडेच होता.

या खेळात दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. चौथ्या प्रयत्नाला डेन्व्हरला पाच यार्ड हवे होते. चेंडू सिअ‍ॅटलच्या ४६ यार्ड रेषेवर, घड्याळात सुमारे एक मिनिट, आणि डेन्व्हरचे तिन्ही टाइमआउट शिल्लक. पर्याय दोन. विल्सनला पाच यार्ड मिळवू द्यायचे आणि मग जवळून फील्ड गोल (किकचे तीन गुण) मारायचा. किंवा तिथूनच ६४ यार्डांची किक घ्यायची. तोवर लीगच्या इतिहासात ६४ किंवा त्याहून जास्त यार्डांची किक दोनदाच यशस्वी झाली होती. त्यांतली एक डेन्व्हरमध्ये, समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीच्या विरळ हवेत. सिअ‍ॅटल समुद्रकाठी आहे.

हॅकेट यांनी घड्याळ चालू दिले. वीस सेकंद उरल्यावर टाइमआउट घेतला आणि किकरला पाठवले. चेंडू डावीकडे बाहेर गेला.

नंतर त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मला या प्रकरणात फार बोलके वाटते. ४६ यार्ड ही रेषा किकरशी आधीच ठरलेली होती. तिथवर पोहोचलो की प्रयत्न करायचा. ठरवताना ती रेषा ‘अगदीच दुसरा उपाय नसेल तर’ अशी असणार. सामन्याच्या दडपणाखाली तिचेच उद्दिष्ट झाले. चौथ्या प्रयत्नात पाच यार्ड मिळवून देणारा माणूस म्हणून ज्याला आणले, ज्याला अकरा दिवसांपूर्वी तो करार दिला, त्याच्या हातून निर्णायक क्षणी चेंडू काढून घेतला गेला. दुसऱ्या दिवशी हॅकेट यांनी स्वतःच मान्य केले की खेळायला हवे होते. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. पण तो प्रश्न एका चुकीच्या निवडीपुरता नव्हता. त्या चाळीस सेकंदांत, साइडलाइनवर, “आपल्याकडे वेळही आहे आणि टाइमआउटही, मग हे कशासाठी?” असे मुख्य प्रशिक्षकाला विचारणे हे कोणाचे काम आहे, हेच ठरलेले नव्हते. खेळ्या सांगणारे तेच, घड्याळ बघणारे तेच, निर्णय घेणारेही तेच. आजूबाजूचे समन्वयक त्यांच्याइतकेच नवखे.

सरावाच्या सामन्यांत मुख्य खेळाडूंना न उतरवल्याचाही इथे संबंध आहे. दुखापत टाळणे हे कारण रास्त असते आणि अनेक संघ तसे करतात. पण त्या सामन्यांत प्रशिक्षकांचाही सराव होतो: खेळी वेळेत पोहोचवणे, टाइमआउट कधी घ्यायचा, कोण कोणाशी बोलणार. ही घडी बसायच्या आत डेन्व्हरचा पहिला खरा सामना आला.

हंगाम चालू असताना केलेली डागडुजी

दुसऱ्या आठवड्यात ह्यूस्टनविरुद्ध घरच्या मैदानावर खेळी सुरू करायला इतका उशीर होऊ लागला की प्रेक्षक मोठ्याने सेकंद मोजू लागले. सामना १६-९ असा जिंकला, पण त्या मोजणीचा आवाज मैदानभर घुमला. त्यानंतर लगेच हॅकेट यांनी जेरी रॉसबर्ग या निवृत्त प्रशिक्षकांना खास सामना-व्यवस्थापनासाठी बोलावले. रॉसबर्ग यांनी बाल्टिमोरमध्ये अनेक वर्षे विशेष पथक सांभाळले होते. उपाय योग्य होता आणि तो झटपट केला, हे श्रेय दिले पाहिजे.

आक्रमण मात्र सुधारेना. २ ऑक्टोबरला मुख्य धावपटू जावाँटे विल्यम्सचा गुडघा गेला आणि धावण्याचा आधार सुटला. ६ ऑक्टोबरला इंडियानापोलिसविरुद्ध दोन्ही संघ मिळून एकही टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेऊन मिळणारे सहा गुण) झाला नाही. त्या सामन्यात ९-६ अशी आघाडी असताना, शेवटची दोनेक मिनिटे उरलेली, डेन्व्हर इंडियानापोलिसच्या १३ यार्ड रेषेवर होते. धावून वेळ खाल्ला असता आणि फील्ड गोल मारला असता तर आघाडी सहा गुणांची झाली असती. त्यांनी पास टाकला, तो गोलरेषेपलीकडच्या एंड झोनमध्ये प्रतिस्पर्ध्याने पकडला. इंडियानापोलिसने बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये १२-९ने जिंकले. ओव्हरटाइमच्या शेवटी चौथ्या प्रयत्नाला एक यार्ड हवा असताना बरोबरीचा फील्ड गोल न मारता जिंकायचा प्रयत्न केला, तो निर्णय मला पटतो. आधीचा पटत नाही. पहिल्या सामन्यात धाडस हवे होते तिथे सावधपणा, आणि इथे सावधपणा हवा होता तिथे धाडस.

१ नोव्हेंबरला बचावातला ब्रॅडली चब मायामीला देऊन पहिल्या फेरीची एक निवड परत मिळवली. संघ तेव्हा ३-५ होता. बचाव कमकुवत करणारा हा सौदा अनेकांना खुपला. माझ्या हिशेबी तो त्या वर्षातला सर्वांत डोळस निर्णय होता, कारण पुढच्या वर्षासाठी हातात काहीतरी आले.

मग अकराव्या आठवड्यापासून हॅकेट यांनी खेळ्या सांगण्याचे काम क्लिंट कुबियाक यांच्याकडे दिले. पहिल्या नऊ सामन्यांत संघाने सरासरी १४.६ गुण केले होते. बदलानंतरच्या तीन सामन्यांत १६, १० आणि ९. फक्त सांगणारा बदलून भागणार नाही, हे यातून दिसले. विल्सनला अधिकाधिक पास टाकणारा क्वार्टरबॅक व्हायचे होते. सिअ‍ॅटलमध्ये त्याचे यश भक्कम धावण्यावर आणि त्यातून मोकळ्या होणाऱ्या लांब पासांवर उभे होते. संघाने व्यवस्था त्याच्या पसंतीने लावली. संघाच्या इमारतीत त्याला स्वतंत्र कार्यालय आणि त्याच्या खाजगी प्रशिक्षकाला प्रवेश देण्यापर्यंत ही मोकळीक गेली. विल्सन त्या वर्षी ५५ वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडला गेला; लीगमध्ये संयुक्तपणे सर्वाधिक. नोव्हेंबरअखेर कॅरोलायनात बचावातला एक खेळाडू साइडलाइनवर त्याच्यावर ओरडताना कॅमेऱ्यात दिसला. दर आठवड्याला सतरा गुणांत सामना रोखून धरायचा आणि तरीही हरायचे, असे अडीच महिने काढलेल्या माणसाचा तो राग होता.

नाताळच्या दिवशी लॉस एंजेलिस रॅम्सकडून ५१-१४. दुसऱ्या दिवशी हॅकेट यांना काढले. पंधरा सामने, ४-११. उरलेले दोन सामने रॉसबर्ग यांनी सांभाळले.

परिणाम

५-१२. एकूण २८७ गुण, सरासरी १६.९, बत्तीस संघांत शेवटचा क्रमांक. बारा पराभवांपैकी नऊ सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने. २०२३ची निवड पाचव्या क्रमांकाची ठरली आणि सिअ‍ॅटलने तिच्यावर डेव्हन विदरस्पून घेतला. खुद्द सिअ‍ॅटल जिनो स्मिथच्या जोरावर ९-८ करून प्लेऑफला (बाद फेरीला) गेले.

डेन्व्हरने चबच्या बदल्यात मिळालेली निवड आणि २०२४ची दुसऱ्या फेरीची निवड न्यू ऑर्लिन्सला देऊन शॉन पेटन यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून आणले. नवे प्रशिक्षक थेट मालकांना जबाबदार राहतील, असेही ठरले. २०२३ मध्ये विल्सनचा खेळ सुधारला: २६ टचडाउन, ८ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास). तरी डिसेंबरअखेर त्याला बाकावर बसवले गेले, कारण तो जखमी झाला असता तर २०२५चे ३.७ कोटी डॉलर हमीचे होऊन बसले असते. एक क्वार्टरबॅक बरा खेळत असताना करारातल्या कलमामुळे त्याला बाहेर बसवावे लागते, ही १ सप्टेंबरच्या निर्णयाची खरी किंमत. मार्च २०२४ मध्ये त्याला मुक्त केले, तेव्हा ८.५ कोटी डॉलरचा बोजा दोन वर्षांच्या सॅलरी कॅपवर (संघाच्या वेतनखर्चाच्या मर्यादेवर) पडला. तो बोजा वाहतच संघाने ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर बो निक्सला निवडले आणि २०२४ मध्ये १०-७ करून फेब्रुवारी २०१६च्या सुपर बोलनंतर पहिल्यांदा प्लेऑफ गाठले.

वेगळे काय करता आले असते

प्रशिक्षक आधी आणि क्वार्टरबॅक नंतर, हा क्रम चुकीचा नव्हता. पण प्रशिक्षक निवडताना एक क्वार्टरबॅक मनात होता आणि मिळाला दुसरा. ८ मार्चनंतर हॅकेट आणि विल्सन या जोडीचा विचार नव्याने व्हायला हवा होता: या माणसाचा खेळ कशावर उभा आहे आणि आपली पद्धत त्याला बसते का. नवखे मुख्य प्रशिक्षक आणि तीन नवखे समन्वयक ही रचना तेव्हाच खटकायला हवी होती. रॉसबर्ग यांच्यासारखा अनुभवी माणूस सप्टेंबरऐवजी फेब्रुवारीत आला असता, तर सिअ‍ॅटलमध्ये तो प्रश्न विचारणारे कोणीतरी साइडलाइनवर असते.

सरावाच्या तीन सामन्यांपैकी एकात तरी मुख्य आक्रमणाला दोन-तीन वेळा उतरवायचे. क्वार्टरबॅकच्या सोयी ठरवताना संघातल्या बाकीच्यांना त्या कशा दिसतील हे विचारायचे. हे छोटे बदल आहेत, पण एका गुणाने आणि तीन गुणांनी गेलेल्या सामन्यांत छोट्याचाच फरक पडतो.

आणि करार थांबवायचा. समजा हंगाम अगदी असाच बिघडला असता, ५-१२, शेवटचा क्रमांक, हॅकेट बाहेर. जानेवारी २०२३ मध्ये शॉन पेटन यांच्या टेबलावर तेव्हा एक वर्ष उरलेला करार असता. त्यांनी विल्सनला ते वर्ष खेळवून पाहिले असते. तो २६ टचडाउन करणारा विल्सन दिसला असता, तर त्याच्याशी नव्या भावाने बोलता आले असते आणि कोणी त्याला कलमापायी बाकावर बसवले नसते. नसता पटला, तर मार्च २०२४ मध्ये तो करार आपोआप संपला असता आणि सॅलरी कॅपमधले ८.५ कोटी डॉलर निक्सभोवती संघ उभा करायला मोकळे राहिले असते.